वाढ

वादळाने चर्चची कौलं उचलली एका रात्रीत.
देवबागची ही चिंचोळी पट्टी,
एका कानात खाडी, एका कानात दर्या,
मधोमध आमचा क्रूस, भिजत उभा.
म्हणून रविवार भरतो बस्त्याव लुद्रिकच्या मांगरात.
जाळ्यांना शेवाळाचा वास, भिंतींना सुक्या बांगड्याचा.
वेदी म्हणजे बर्फाची पेटी,
तिच्यावर कुस्तानने धुऊन आणलेली चादर.

फादर प्रेषितांची कृत्ये वाचतात.
एका दिवसात तीन हजार!
मी चिटणीस. सवयीने डोकी मोजतो:
एकतीस, फिलूच्या पोटातलं धरून.
उपदेश लांबला तसा बस्त्यावचा नातू
जाळ्यांच्या ढिगावरून झोपेत घसरला,
धप्प.
फादर हसले. पौलाच्या वेळीही एक असाच पडला होता,
म्हणाले, तोही जगला.
आणि पुढे वाचू लागले.

त्यांनाही छप्पर नव्हतं,
हे मला आजवर कधी टोचलं नव्हतं.
कुणाच्या माडीवर, कुणाच्या ओसरीत
भाकर मोडायची, दार लोटून घ्यायचं.
मार बसला, पांगले;
पांगले तिथे चूल पेटली.
आमचेही पांगलेत. मस्कत, कुवेत, बोटीवर.
तिथून पैसे येतात छपरासाठी,
सोबत चिठ्ठी:
संगमरवरावर आमचं नाव कितव्या ओळीत?

त्या दिवशी सभा छपराचीच होती.
पत्रा की कौल, यावर दोन तास.
रापणीतला एक वाटा चर्चचा, वाडवडिलांपासूनचा,
तो यंदा छपराच्या खात्यात.
कुस्तान दाराशी बसलेली.
तिचा सांतान दोन वर्षांपूर्वी गेला
तो होडीसकट परतला नाही.
ती उठली नाही, आवाज चढवला नाही.
"दोरयेक हात लागलो काय वाटो लागता,
असां तुमीच सांगतास.
सात आठवडे मी ओढतंय.
इगर्जेचो वाटो हंय येता.
माझो खंय जाता?"

कुणीतरी खोकलं.
बस्त्याव तांडेल अंगठ्याने वाळू उकरत राहिला,
हिशोब त्याच्याकडेच.
विसरलो, म्हणाला.
विसरलाच होता. वाईट माणूस
त्या मांगरात एकही नव्हता,
तरी सात आठवडे.

फादरनी न बोलता पान उलटलं.
सहावा अध्याय.
यरुशलेमातही विधवाच राहिल्या होत्या
रोजच्या पंगतीत, परभाषेच्या म्हणून.
मंडळीतलं पहिलं भांडण झालं ते ताटावरून;
देवावरून भांडायला पुढे पुष्कळ वेळ मिळाला.
आणि बाराजणांनी ते किरकोळ म्हणून झटकलं नाही.
सात माणसं निवडली,
आत्म्याने भरलेली, चांगल्या नावाची,
त्यांच्या डोक्यांवर हात ठेवले, प्रार्थना केली,
कशासाठी, तर पानं मांडायला.
त्याला लागूनच पुढची ओळ:
शिष्यांची संख्या फार वाढत गेली.
ही ओळ मी शंभरदा वाचली असेन,
वार्षिक अहवालाच्या सुरुवातीला लिहिलीही आहे.
तिच्या मागची ओळ
कधी नीट वाचली नव्हती.

छपरावर अजून ताडपत्रीच आहे.
रापण आली की बस्त्याव स्वतः टोपली घेऊन निघतो,
आधी कुस्तानकडे,
मग पलीकडे शेवंती तारकरणीकडे;
ती आमच्यातली नाही, पण दोरीला हात तिचाही असतो.
ती मांगरात येत नाही. ये असं कुणी म्हणतही नाही.
सगळं सुधारलं म्हणावं, तर तसंही नाही.
संगमरवराचं भांडण चालूच आहे,
आणि दोन घरं रागावून मिस्साला मालवणला जातात.

डिसेंबरात धर्मप्रांताचा छापील कागद आला.
सभासद. बाप्तिस्मे. देणग्या. वाढ.
तीन रकाने भरले.
चौथ्यापाशी पेन थांबलं.
वर ताडपत्री फडफडत होती,
आणि मागच्या चुलीपाशी फिलू
बाळाला कडेवर सावरत, पेजेत डाव बुडवून
कुस्तानला, बस्त्यावला, सगळ्यांनाच
विचारत होती,
"वाढू?"